सांगितल्याशिवाय

लॉन्ड्रीच्या दारासमोर गाडी लावायची कुणाची छाती नव्हती, आणि त्याचं कारण दारावरची पाटी नव्हतं, वहिनी होती. सगळी गल्ली तिला समोर वहिनी म्हणायची आणि पाठीमागे तोफ. सकाळी साडेआठला शटर वर गेलं की ही तोफ जी सुरू व्हायची ती संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत. खिशात शाईचं पेन विसरणारा कारकून असो की पावती हरवणारे मास्तर, सुटका कुणाचीच नाही. तरीही गिऱ्हाईक तुटत नव्हतं. बोलणी खाऊन हातात पडलेला शर्ट इतका झक्क असायचा की माणसं पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलणी खायला हजर.

या तोफेच्या तोंडी सगळ्यात जास्त वर्षं कोण राहिलं असेल तर तिची नणंद, चिमाताई. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा चिमाताई शाळेतून नुकती बाहेर पडली होती. पुढे भाऊ गेला, त्याला अकरा वर्षं झाली, आणि खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्या, एवढ्या संसारात या दोघीच उरल्या. वहिनी तिला 'वन्सं' म्हणे, 'अहोजाहो' करी. परक्याला वाटावं, काय हा मान! पण वहिनीचं 'तुम्ही' हे ठेवणीतलं शस्त्र होतं. "वन्सं, तुम्हाला देवाने डोळे दिलेत ते काय शोभेला?" हे वाक्य चिमाताईने किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

त्या सोमवारी एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट लाल मोज्याबरोबर धुतला गेला आणि गुलाबी होऊन बाहेर आला. वहिनीने चिमाताईला असं काही धारेवर धरलं की समोरचा चाव्या बनवणारा दुकानातून मान बाहेर काढून बघायला लागला. चिमाताईच्या डोक्यात तिडीक गेली.

"वहिनी, एक दिवस, फक्त एक दिवस तोंड बंद ठेवून दाखव!"

वहिनीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि जिना चढून वर निघून गेली.

मंगळवारी सकाळी घरात आवाज नव्हता. सव्वाआठ झाले तरी कुणी ओरडलं नाही, तेव्हा चिमाताईने वहिनीच्या खोलीत डोकावलं. वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"काय गं, बरं नाही का?"

"बरंय," वहिनी म्हणाली.

चिमाताईने ओळखलं, फुगलीये. तिनेही मनाशी ठरवलं, आपण काही हातापाया पडायला जायचं नाही. खाली जाऊन एकटीने शटर उघडलं, एकटीने गिऱ्हाइकं सांभाळली. दुपारी जेवायला वर आली तर वहिनी तिथेच. तीच कड, तीच चप्पल हातात.

चिमाताई दाराशीच थबकली. पण क्षणभरच. मग पुन्हा रागाने उचल खाल्ली.

"पुरे झाली नाटकं. घाल ती चप्पल आणि जेवायला चल."

वहिनीने चप्पल घातली, उठली, पानावर येऊन बसली. वाढलं तेवढं जेवली. जेवण झाल्यावर रिकाम्या ताटात हात ठेवून बसून राहिली. "हात धू," म्हटल्यावर उठून हात धुतले. चिमाताईला वाटलं, टोमणे मारायची ही नवीनच तऱ्हा काढली हिने. मी सांगेन तेवढंच करायचं, वर एक अक्षर नाही. आणि म्हणायला मोकळी, की बघा, तुमचंच ऐकतेय.

असे तीन दिवस गेले. गुरुवारी हॉटेलवाला आला. जवळच्या हॉटेलच्या चादरी आणि उशांचे अभ्रे याच लॉन्ड्रीत यायचे. त्याने गेल्या खेपेचा अभ्रा फाटल्याची तक्रार काउंटरवर मांडली आणि सवयीने एक पाऊल मागे सरकला. चिमाताईने वहिनीला खाली आणून खुर्चीत बसवलं होतं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, अभ्र्याकडे पाहिलं. बस, एवढंच.

हॉटेलवाल्याचा चेहरा पडला. "वहिनी, अहो, मी म्हणतोय तुमच्या माणसांनी अभ्रा फाडला."

"बरं," वहिनी म्हणाली.

हॉटेलवाल्याने चिमाताईला बाजूला घेतलं. "ताई, आठ वर्षं मी या बाईला ओळखतो. या फुगलेल्या नाहीत. यांना आधी डॉक्टरकडे न्या. आजच्या आज."

इतके दिवस एका घरात राहून जे आपल्याला दिसलं नाही ते या माणसाला दोन मिनिटांत दिसलं, हे कळल्यावर चिमाताईने तिथल्या तिथे शटर खाली ओढलं.

मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तपासलं. हात हलत होते, पाय हलत होते, जीभ अडखळत नव्हती. वार विचारला, बरोबर सांगितला. शंभरातून सात सात वजा करायला लावले, शेवटपर्यंत बिनचूक.

"दुःखी आहात का?"

"नाही."

"कंटाळा येतो दिवसभर बसून?"

"नाही."

"आत्ता मनात काय चाललंय?"

"काही नाही."

चिमाताई दचकलीच. समोरच्या इमारतीतल्या पडद्यांच्या रंगावरसुद्धा या बाईचं ठाम मत असायचं. हिच्या मनात काही नाही?

मेंदूचे फोटो निघाले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी ते पडद्यावर दाखवले. करड्या चित्रात खोल आत, दोन्ही बाजूंना, एकेक डाग होता, मटारच्या दाण्याएवढा.

"रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या?"

"घेत होती... म्हणजे आठवण झाली की."

"हं. हे पाहा. मेंदूचा वरचा थर, सालीसारखा. याला कॉर्टेक्स म्हणतात. बेत आखणं, ठरवणं हे काम याचं. आणि हे खालचे पुंजके, बेसल गँग्लिया. वरचा प्रत्येक बेत खाली येतो. इथे ठरतं की कुठला सोडायचा आणि कुठला अडवायचा. 'हा कर' असा होकार मिळाला की तो फिरून वर जातो आणि मग माणूस उठतो, बोलतो, भांडतो. दिवसभर या फेऱ्या चालू असतात, आपल्याला पत्ताही नसतो. यांच्या नेमक्या त्या वाटेवर दोन्हीकडे रक्त पोचलं नाही."

"म्हणजे वेड...?"

"मुळीच नाही. अक्कल शाबूत आहे, अंगात ताकद आहे. फक्त आतून सुरुवात होत नाही. बाहेरून कुणी सांगितलं की होते, कारण तो निरोप दुसऱ्या वाटेने येतो."

चिमाताईच्या डोळ्यांसमोर हातातली चप्पल आली. वहिनी फुगून बसली नव्हती. दुसरी चप्पल घाल, असं तिला आतून कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आपण तिला चार तास तशीच ठेवून खाली शर्ट मोजत होतो.

"माझ्यामुळे झालं का हो हे? आदल्या दिवशी मी तिला बोलले होते."

"बोलल्याने असं होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून देते. पंधरा दिवसांनी घेऊन या. मग दुसरं एक औषध सुरू करून बघू. काही जणांना त्याने फरक पडतो."

घरी आल्यावर चिमाताई पहिले दोन दिवस रडली. मग कामाचा डोंगर दिसला तसे डोळे पुसले. ऊठ. दात घास. आंघोळ कर. केस विंचर. चल खाली. सगळं सांगावं लागे, पण सांगितलं की होई. इस्त्रीच्या टेबलाशी उभं करून "हे शर्ट कर" म्हटलं की वहिनीचे हात पूर्वीसारखेच चालत. कॉलर, बाह्या, पाठ, घडी. पूर्वी एक शर्ट आणि चार शिव्या असा हिशेब होता, आता नुसतेच शर्ट. आठवड्याभरात कामाला असा उरक आला की चिमाताई स्वतःच थक्क झाली. दुकानात रेडिओ ऐकू येऊ लागला. गिऱ्हाइकं दोन मिनिटं टेकू लागली. चाव्यावाला म्हणाला, "चिमाताई, दुकान खरं तुम्हीच चालवावं."

आयुष्यात पहिल्यांदा तिचा शब्द चालत होता, आणि नुसता चालत नव्हता तर धावत होता.

एका दुपारी दुकान रिकामं असताना तिला लहर आली.

"वहिनी, म्हण, वन्सं, तुमच्यामुळे दुकान चाललंय."

"वन्सं, तुमच्यामुळे दुकान चाललंय," वहिनी म्हणाली.

चिमाताईला खुदकन हसू आलं. मग हसू विरलं आणि तिच्या मनात आठ वर्षं दाबून ठेवलेलं एक दुखणं वर आलं. भाऊ गेल्यानंतरच्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या शिंप्याने तिला मागणी घातली होती. बोलायला तो दुकानात आला, तेव्हा ती वर होती. वहिनीने त्याला परस्पर वाटेला लावलं. चिमाताईला हे कळलं ते दोन वर्षांनी, तेही त्याचं दुसरीकडे लग्न झाल्यावर. जाब विचारला तर वहिनी म्हणाली होती, "तुमच्या भल्यासाठीच केलं." विषय संपला.

"म्हण," चिमाताई म्हणाली, "वन्सं, माझं चुकलं. तो शिंपी चांगला माणूस होता."

वहिनीने म्हटलं.

"पुन्हा म्हण."

वहिनीने पुन्हा म्हटलं.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी वहिनीचा आवाज पहिल्या वेळेइतकाच सरळ होता, कपड्यांची यादी वाचावी तसा. चिमाताईला हवं होतं ते काही मिळालं नाही. उलट तोंडात कडवट चव आली. पण तिने तो विचार झटकला आणि पुढचा गठ्ठा वहिनीपुढे सरकवला.

पंधरा दिवस झाले तेव्हा कामाची गर्दी होती. उद्या जाऊ म्हणाली. मग पुढच्या आठवड्यात. इस्पितळातून फोन आला तेव्हा "बरं आहे हो आता" असं सांगून तिने ठेवून दिला. आपण तारीख का पुढे ढकलतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

लॉन्ड्रीच्या मागे कपडे वाळवायची गरम खोली होती. तिच्या दाराला स्प्रिंग होती, ते आपोआप बंद व्हायचं. कडी नव्हती. आतून हाताने ढकललं की उघडायचं. त्या दिवशी हॉटेलच्या चादरी तिथे वाळत होत्या.

"वहिनी, आत जा, सगळ्या चादरींच्या घड्या घाल आणि तिथेच थांब. मी आलेच."

तयार गठ्ठे घेऊन चिमाताई हॉटेलवर गेली. तिथे मोजणीला उशीर झाला. हॉटेलवाल्याने चहा मागवला. "वहिनी आता किती शांत झाल्यात नाही?" तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. चिमाताई चहा सावकाश प्यायली. परत आली तर काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी. एकाची पावती सापडेना, दुसऱ्याला घाई. दोघांना वाटेला लावून ती खुर्चीकडे वळली आणि म्हणाली, "वहिनी, पाणी दे गं."

खुर्ची रिकामी होती.

चिमाताईने घड्याळ पाहिलं. एक तास दहा मिनिटं. ती मागे धावली आणि गरम खोलीचं दार खेचलं.

आतली धग तोंडावर आली. फळीवर चादरींच्या घड्या रचलेल्या होत्या, काठाला काठ लावून, एक सूत इकडेतिकडे नाही. आणि त्यांच्या शेजारी, दारापासून हातभर अंतरावर, वहिनी उभी होती. चेहरा बीटासारखा लाल, ओठ फुटलेले, लुगडं अंगाला चिकटून वाळलेलं. अंगावर घामाचा थेंब नव्हता. घाम कधीच संपला होता. डोळे उघडे होते आणि त्यांत भीती नव्हती, काहीच नव्हतं. गुडघे मात्र थरथरत होते.

"बाहेर ये! वहिनी, बाहेर ये!"

वहिनीने सांगितल्याप्रमाणे दोन पावलं टाकली आणि चिमाताईच्या अंगावर कोसळली.

इस्पितळात बर्फाच्या पिशव्या आल्या, सुया टोचल्या, नळ्या लागल्या. चिमाताई भिंतीला टेकून उभी होती. संध्याकाळी जीव वाचल्याचं कळलं. मग डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊन आल्या.

"तुमची तारीख सत्तावीस दिवसांपूर्वी होती."

चिमाताईने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला बोलता येऊ लागलं. चिमाताई तिच्या उशाशी बसली.

"वहिनी, का गं आली नाहीस बाहेर? दाराला कडीसुद्धा नव्हती."

"तुम्ही थांबायला सांगितलं होतं."

"अगं पण जीव जायची वेळ आली! तुला काही कळत नव्हतं का?"

"कळत होतं," वहिनी शांतपणे म्हणाली. "अंग भाजतंय ते कळत होतं. दार दिसत होतं. ढकललं की उघडेल हे ठाऊक होतं."

"मग?"

"मग काही झालं नाही."

इतके दिवस चिमाताईची समजूत होती की आत कुणी नाही. आणि आत तर सगळं होतं. भाजणं होतं, दार होतं, तेवढं एक 'ऊठ' नव्हतं. ते देणारी एकच व्यक्ती होती आणि ती हॉटेलवर चहा पीत बसली होती.

नवीन औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. दिवसातून तीनदा गोळी, थोड्या प्रमाणापासून चढत्या क्रमाने. घरी आल्यावर चिमाताईने वहिनीच्या गळ्यात दर अर्ध्या तासाला वाजणारं घड्याळ अडकवलं; ते वाजलं की असेल तिथून उठून माझ्याकडे यायचं, असं सांगून ठेवलं. कामाला एक बाई ठेवली. 'थांब' हा शब्द घरातून हद्दपार केला. गरम खोलीचं दार बिजागरीसकट काढून तिथे पडदा लावला, कपडे वाळायला दुप्पट वेळ लागला तरी चालेल. आणि वहिनीला काही सांगायची वेळ आली की ती दोनदा विचार करू लागली. 'जेव' म्हणतानासुद्धा तिला स्वतःचीच भीती वाटे.

एकोणिसाव्या दिवशी वहिनी खुर्चीतून उठली आणि तिने पंखा बंद केला. चिमाताईच्या हातातून कपबशी पडली. तिने सांगितलं नव्हतं. कामाच्या बाईनेही नव्हतं. घड्याळही वाजलं नव्हतं. वहिनी परत जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा काही नाही. पण त्यानंतर अधूनमधून असं होऊ लागलं. कधी खिडकी लावली, कधी कुशीवर वळली, कधी पेल्यात पाणी ओतून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाट थोडी मोकळी होतेय. पूर्ण होईलच असं मी सांगणार नाही."

दोन महिने गेले. एका दुपारी वहिनी इस्त्रीच्या टेबलाशी होती, चिमाताई काउंटरवर कपडे मोजत होती. बाहेर रस्ता ओस होता.

"वन्सं."

चिमाताईचा हात जागीच राहिला. वहिनीने आपणहून हाक मारली त्याला किती दिवस झाले होते!

"त्या दिवशी तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलंत."

चिमाताई तिच्याकडे वळली. "तुला... आठवतं?"

"सगळं आठवतं. मी कुठे गेले नव्हते."

"मग तुला राग नाही आला?"

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. "तेव्हा काही आलं नाही. आता येतोय. रोज थोडा थोडा. गोळी घेतल्यावर तासाभराने."

दुसरी वेळ असती तर चिमाताई हसली असती. ती टेबलाजवळ गेली.

"माझं चुकलं, वहिनी. ते आणि गरम खोलीचं. आणि तारखेचंही. मी मुद्दाम नेलं नाही गं तुला. मला बरं वाटत होतं तू अशी असलेली."

हे वाक्य तिने आजवर मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. वहिनीने ते ऐकलं. चेहरा हलला नाही.

"शिंप्याचं..." वहिनी म्हणाली आणि अडली.

"बोल" हा शब्द चिमाताईच्या अगदी जिभेवर आला. तिने तो दातांखाली धरला. आता आपण बोल म्हटलं की ही बोलेल, आणि मग ते हिचं बोलणं असणार नाही. ती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली. इस्त्रीतून वाफेचा फुसकारा आला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. दारात एक गिऱ्हाईक शर्टांची पिशवी घेऊन आलं. चिमाताईने मान न वळवता त्याला हाताने थोपवलं.

"तो चांगलाच होता," वहिनी म्हणाली. एकेक शब्द ती लांबून आणत होती. "तुमचं भलंबिलं काही नाही. तुमचे दादा गेलेले. तुम्हीही गेला असतात तर... वर दोन खोल्यांत मी एकटी. मला भीती वाटली. म्हणून घालवला त्याला."

तिने इस्त्री उचलली आणि अर्धा राहिलेला शर्ट पुढे करायला घेतला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दारातल्या गिऱ्हाइकाने पिशवी काउंटरवर ठेवली, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. चिमाताई काउंटरपाशी आली. तिने पावतीपुस्तक उघडलं, तारीख घातली, आणि पुढे काय लिहायचं असतं ते तिला काही केल्या आठवेना.